रेजीनमायची मुडी

वार रविवार, मृग संपत आलेला. हजर होते ते असे: बाबा, आई, मी, तेव्हा सातवी-आठवीतली, माझा धाकटा भाऊ दिलीप, शेजारचा बाबलो, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि रेजीनमाय, जी पडवीत येऊनही बसली नव्हती, खांबाला धरून उभी होती. जागा आमच्या घराची मागची पडवी. मधोमध भिजवलेल्या भाताचा ढीग, त्यावर पेंढा, पेंढ्यावर ओली पोती, पोत्यांवर दगड. ही हजेरी मी आज लिहून काढते आहे, कारण त्या दिवसाचे साक्षीदार म्हणून दिलीप आणि मी दोघंच उरलो. दिलीपला विचारलं तर तो सांगतो, त्याला फक्त वास आठवतो.

आमचं घर गोव्यातल्या पार्शे गावाच्या खालच्या अंगाला, डोंगर संपून खाजण सुरू होतं त्या कडेवर. खाजण म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून अडवलेली शेतं. भरतीचं पाणी बांधाच्या बाहेर, भात बांधाच्या आत, आणि मध्ये फक्त माती. तेवढ्या मातीवर आमच्या ताटातला भात अवलंबून. घरामागे थोडं चढून गेलं की भाटकाराचं मोठं घर. भाटकार, म्हणजे त्या जमिनीचे किरिस्तांव मालक, माझ्या जन्माच्या आधीच आफ्रिकेला आणि तिथून पोर्तुगालला गेले होते. जाताना त्यांनी किल्ल्या रेजीनमायच्या हातात दिल्या. ती त्यांच्या स्वयंपाकघरात वाढलेली. तिचा नवरा इनास त्यांची शेतं करायचा. "आम्ही येईपर्यंत सांभाळ, कशाला हात लावू नको," एवढंच त्यांचं सांगणं, आणि ते तिने देवळातल्या कौलासारखं धरून ठेवलं होतं. देवळातल्या म्हटलेलं तिला चाललं नसतं. पण आमच्या घरात तसंच बोलत.

आमच्या घरात घड्याळ होतं, पण वेळ कळायची ती रेजीनमायच्या खिडक्यांवरून. सकाळी ती त्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या एकामागून एक उघडायची. आडणा, म्हणजे अडसर, निघाल्याचा एक आवाज, झडप भिंतीला लागल्याचा दुसरा. शेवटची खिडकी वाजली की आई पेजेचं भांडं चुलीवर चढवायची. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. आत कोणी राहत नव्हतं. पलंगांवर चादरी, खुर्च्यांवर चादरी, मेजावर मेणकापड. रेजीनमाय त्या खुर्च्या पुसायची, पण त्यांवर कधी बसली नाही. स्वतः राहायची मागच्या कुडाच्या खोलीत, चुलीजवळ. झाडावरचा आंबा ती तोडायची नाही, तो धन्याचा. पडलेला उचलायची, तो देवाचा. देवाचे आंबे आमच्याकडे टोपलीने यायचे. धन्याचे आंबे पक्षी खायचे. नाताळात मात्र ती तांबड्या तांदळाचं पिनागर करून पाठवायची, भाजलेल्या तांदळाचं कूट, गूळ आणि खोबरं कांडून वळलेलं, दातांना चिकटणारं. पुढे ते बंद झालं. तांबडा तांदूळ संपला होता.

तो तांदूळ म्हणजे कोरगुट. खारं पाणी आत शिरलं तरी तग धरणारं जुनं भात. उंच वाढतं, वाऱ्याने आडवं पडतं, उतारा कमी देतं, म्हणून सगळ्यांनी ते सोडून सरकारी बी धरलं होतं. बाबांनीही. इनास तेवढा भाटकाराच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या एका तुकड्यात, कोरगुटच पेरायचा. तो गेला त्या वर्षीचं शेवटचं बी त्याच्याच हातची मुडी होऊन रेजीनमायच्या चुलीवरच्या माळ्याला टांगलेलं होतं. ज्यांनी मुडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: सुकवलेलं बी पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून, चोपून केलेलं गोल गाठोडं. धुराने ते काळं पडतं आणि कीड लागत नाही. इनासनंतर कुणगा पडीक राहिला. मुडी तशीच राहिली. रेजीनमाय रोज तिच्याखाली चूल पेटवत होती आणि तेवढं केलं की सांभाळणं झालं असं समजत होती.

मी पुढे जन्मभर वाळपईला औषधांचं कोठार सांभाळलं. तिथे प्रत्येक खोक्यावर मुदत छापलेली असे आणि आमचा नियम एकच होता, आधी आलेलं आधी बाहेर. मुडीवर मुदत छापलेली नसते.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या पावसाळ्यात बांध फुटला. फुटणारच होता. दर उन्हाळ्यात चिखल थापून तो उचलायचा असतो, आणि गावातले निम्मे हात तोवर खाणींवर नाहीतर आखातात गेले होते. अमावस्येच्या भरतीला पाणी आत आलं आणि पोटरीला आलेलं सरकारी भात आठवड्यात पिवळं पडून बसलं. त्या वर्षी आम्ही रेशनचा तांदूळ खाल्ला. आई तो सुपात निवडायची तेव्हा खड्यांचा टकटक आवाज यायचा, आणि पेजेला गोणपाटाचा वास असायचा. बरोबर तोर, म्हणजे खारातली कैरी, आणि कधी भाजलेला सुका बांगडा. दिलीप रडायचा. मी मोठी म्हणून रडत नव्हते, एवढंच.

बांध लोकांनी कसाबसा सांधला, पण जमिनीत मीठ राहिलं. आता सरकारी बी टिकणार नव्हतं. कोरगुट हवं होतं, आणि ते गावात एकाच माळ्यावर होतं. बाबा चैत्रातच रेजीनमायकडे गेले. मी बरोबर होते.

"माय, मुडी दी. पिकलां काय दुप्पट करून परत बांधतंय. तुझ्या खुरसासमोर सांगतंय."

"म्हजें न्हय तें, वासू. धन्याचें."

"धनी खंय आसा?"

"येतलो. येवन विचारतलो, रेजीन, हांवें दिल्लें तें खंय आसा? तेन्ना हांव कितें दाखोवूं? तुजें दुप्पट?"

"तो येवचो नाय गो, माय."

"तो येवंक ना जाल्यार दुसरो येतलो," असं म्हणून तिने वर बोट केलं. बाबांना वाटलं ती माळा दाखवते आहे. बाहेर आल्यावर मीच त्यांना सांगितलं की ती देवाबद्दल बोलत होती.

मे महिन्यात तिच्या अंगणातल्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसापाशी, लादीन झाली. लादीन म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, सुरात म्हटलेली. मागोमाग उकडलेले चणे, मोठ्यांना घोटभर फेणी. आम्ही शेजारी म्हणून दरवर्षी जायचो, मागे बसायचो, चण्यांची वाट पाहायचो. नदीपलीकडून पाद्री आले होते, तरुण, घामेजलेले. त्यांनी त्या दिवशी सांगितलं ते मला आजही नीट आठवतं, कारण घरी येऊन आमच्याकडे त्यावरच बोलणं झालं. एक धनी परगावी जातो, जाताना चाकरांच्या हाती आपलं धन सोपवून जातो. दोघे ते खेळवतात, वाढवतात. तिसरा भिऊन खड्डा खणतो आणि पुरून ठेवतो. धनी परत येतो तेव्हा पहिल्या दोघांना शाबासकी, आणि वर आणखी मोठा कारभार. तिसऱ्याने जसंच्या तसं परत केलं, एक कणही कमी नाही, तरी त्याला घराबाहेरच्या अंधारात काढलं. पाद्री म्हणाले, देव आपल्याला काही देतो ते आपलं नसतं, आपण कारभारी. शेवटी तो हिशेब मागणार आणि इमानी निघाला त्याला आपल्या आनंदात घेणार.

रेजीनमाय चणे वाढायला उठली नाही. आईनेच टोप घेतला आणि वाढले. सगळे गेल्यावर रेजीनमाय म्हणाली, "तिसऱ्यान चोरूंक ना. पिवंक ना. सांबाळून दवरलें. ताकाच भायर काडलो?"

बाबांच्या पोटात घोटभरापेक्षा जास्त गेली होती. ते हसले. "माय, त्यान मातयेत पुरल्यान म्हणून धनी रागावलो. तुझा उलटा. तू मातयेत घालूकच तयार नाय. तुझ्यावर जास्त रागावतलो!"

आईने त्यांना कोपर मारलं. बाबलो खो खो हसला. रेजीनमाय हसली नाही. नंतर घरात गेली आणि त्या दिवशी खिडक्यांचा क्रम चुकला. मधली आधी वाजली. आईने तोंडातल्या तोंडात म्हटलं, "बघलंत? काळजाक लागला तिच्या."

दोन दिवसांनी ती स्वतः आली. मुडी देणार, पण एक अट. ती उघडायची ती पाद्रींनी आशीर्वाद दिल्यावर, आणि एकदा उघडली की सगळीच्या सगळी भिजवायची; अर्धी ठेवायची नाही, मूठभर काढून बघायची नाही. मुडीची आमच्याकडेही तीच रीत होती. दोरी सोडली की वारा शिरतो, वारा शिरला की बी राहत नाही. म्हणून बाबांना अटीत काही वावगं वाटलं नाही. आईचा भाऊ, नदीपलीकडचा मामा, त्याच आठवड्यात निरोप घेऊन आला होता की त्याच्याकडे कोरगुटाचं पोतं आहे, हवं तर ठेवतो. बाबा म्हणाले, "नको. आमचा गावाचाच आसा. तू दुसऱ्याक दी." मामाने दिलं. बाबांनी हे रुबाबात सांगितलं होतं. घरात वर्षभरानंतर त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि आईला ते बरं वाटलं होतं. पाद्रींना यायला मृग उजाडला. पाणी शिंपडून झालं, दोरी सुटली, बी बाहेर आलं. तांबूस, कोरडं, एकही किडा नाही. बाबलोसुद्धा म्हणाला, "काय सांभाळल्यान गो म्हातारीन!" रेजीनमायच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर फारसं पाहिलं नाही. फळा पुसून मास्तरांच्या शाबासकीची वाट बघणाऱ्या मुलीसारखी ती उभी होती.

खाजणात कोरडं बी टाकत नाहीत. भिजवतात, निथळतात, पेंढ्यापोत्यांखाली दडपून मोड आणतात आणि मोडासकट पेरतात. दडपलेला ढीग तापतो. तिसऱ्या दिवशी हात घातला तर भाजेल इतका उबारा असतो, आणि काकवीसारखा गोडसर वास. तो वास आला की घरातली माणसं एकमेकांशी चांगलं बोलतात.

तर तो रविवार. बाबांनी दगड बाजूला केले, पोती उचलली, पेंढ्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि तो तसाच ठेवला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वास आला तो आंबट, शिळ्या पेजेचा. आईने पदर नाकाला लावला नाही. ती ओणवी होऊन मूठभर बी काढून तळहातावर पसरू लागली, एकेक दाणा उलटवत. रेजीनमाय खांब सोडून पुढे आली. तिनेही हात घातला.

"थंड," ती म्हणाली.

"माय, आणि एक दिवस ठेवया," आई म्हणाली.

"थंड आसा गो, रुक्मिणी. मेलां तें. केन्नाच मेलां."

बाबलो पडवीच्या पायरीवरून म्हणाला, "वा! आता धनी येवन मेलेल्या बियाक बक्षीस देतलो!" बाबांनी हातातला दगड त्याच्या दिशेने फेकला. तो त्याला लागला नाही, माडाला लागला. नंतर बाबा तिथेच ढिगाजवळ बसले आणि मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आवाज नव्हता. खांदे हलत होते, आणि दिलीप त्यांच्या पाठीवर थोपटत होता, जसं आई त्याला थोपटायची तसं.

त्या संध्याकाळी वरच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या नाहीत. आईने दोनदा बाहेर जाऊन पाहिलं. चूलही पेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेजीनमाय होडीने पलीकडे गेली आणि चार गावं हिंडली. बहिणीकडे, बहिणीच्या नणंदेकडे, इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात. कोणाकोणासमोर हात पसरले ते तिने सांगितलं नाही. परतली तेव्हा डोक्यावर कोरगुटाची एक मुडी होती, आमच्या मुडीच्या निम्मीही नाही. बाबा पुढे झाले तर तिने ती खाली ठेवू दिली नाही.

"ही तुज्या शेतांत ना, वासू. भाटकाराच्या कुणग्यांत. थंय मीठ उणें आसा. पिकतलें तें सगळें बियाक. एक दाणो खावपाक ना."

"आणि माझ्या पोरांनी काय खावचा?"

"रेशन."

बाबा ओरडले. भाटकाराच्या जमिनीत त्याला न विचारता पेरणार, आणि वर आमच्यावर उपवास लादणार, हा कसला कारभार? तिने डोक्यावरची मुडी सावरली. मग म्हणाली, "विचारूंक जाय आसलें खरें. विचारीत रावलें, म्हणूनूच मेलें न्हय रे तें?" हे उत्तर बाबांसाठी होतं की वर बोट केलं होतं त्याच्यासाठी, मला त्या वयात कळलं नाही. निर्णय शेवटी आईने केला. तिने साडी खोचली, पाटी घेतली आणि रेजीनमायच्या मागून खाजणात उतरली. एका कुणग्याच्या पिकात आमचं घर वर्षभर जगलं नसतंच; बी झालं तर पुढच्या वर्षी सगळ्यांचं जगणार होतं. हिशेब सरळ होता. तो हिशेब मांडताना ज्याच्या ताटातून घास कमी होतो त्याला तो सरळ दिसत नाही, हेही खरं.

बाबा आषाढात डिचोलीकडे खाणीवर गेले. ट्रक भरायचं काम मिळालं. शनिवारी येत तेव्हा कानांच्या पाळ्यांतसुद्धा तांबडी धूळ असे, आणि पाटावर बसताना ते कुणग्याकडे पाठ करून बसत. ते पुन्हा शेतीत उतरले नाहीत. पुढे आम्हालाही डिचोलीला नेलं, आणि त्या धुळीचा खोकला त्यांना घेऊन गेला. ही गोष्ट सांगताना लोक रेजीनमायच्या इमानाचं कौतुक करतात, म्हणून हे इथे लिहून ठेवणं मला आवश्यक वाटतं. त्या इमानाची किंमत कोणी भरली, तेही नोंदलेलं असावं.

श्रावणात कणसांचं फेस्त आलं. दरवर्षी इगर्जेतून आणलेली नवी कणसं रेजीनमाय मोठ्या घराच्या दाराला बांधायची. आमच्याकडे चवथीनंतर नव्याची पूजा होते तशीच ती. त्या वर्षी ती फेस्ताला गेली नाही. उशिरा पेरलेलं आपलं भात अजून निसवलं नव्हतं, त्याची कणसं बाहेर पडली नव्हती, आणि दुसऱ्याचं कणीस तिला दाराला नको होतं. भाद्रपदात ती आजारी पडली. पाय सुजले, श्वास लागू लागला. आई सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जायची आणि त्या घराच्या खिडक्या आता मी उघडायचे. त्या किती जड होत्या ते मला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी पाद्री आले, तेच. तेल लावून झालं, प्रार्थना झाली. आई दाराशी, मी आईच्या मागे. रेजीनमायने डोळे उघडले आणि पाद्रींना सोडून आईला विचारलं, "निसवलें?"

आईने कमरेला खोचलेलं कणीस काढून तिच्या हातात दिलं. हिरवं, कच्चं. रेजीनमायने एक दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब बाहेर आला.

"दूद आसा," ती म्हणाली.

पाद्री तिच्या कानाशी वाकले. "माय, भियेवं नाका. इमानी चाकराक धनी आपल्या आनंदांत घेतलो. तुजें बक्षीस थंय दवरलां."

"बक्षीस नाका." मध्ये श्वास घ्यायला ती थांबली. "पयलीं सांगतलें, एक मुडी हांवें मारली. मागीर ही दुसरी दाखयतलें. तो आयकतलो जाल्यार... आनीक कितेंय सांबाळूंक दितलो."

मला तेव्हा ते विचित्र वाटलं. एवढं राबून मेल्यावर बक्षीस काय, तर पुन्हा काम. नोकरीत कोठाराबरोबर आणखी चार कामं अंगावर आल्यावर मात्र समजलं की नीट काम करणाऱ्याला वरिष्ठ दुसरं काहीच देत नाहीत. फरक एवढाच की तिला ते हवं होतं. मी हिंदू घरातली, मला त्या स्वर्गाचं काही सांगता येत नाही. पण तिथे खिडक्या असतील तर त्या वेळेवर उघडत असतील, असं मी धरून चालते.

भात आईने आणि मी कापलं. एक दाणा खाल्ला नाही. बी सुकवलं, मुड्या बांधल्या, गावात वाटल्या. भाटकार आला नाही, त्याचा मुलगाही नाही. कागदावर सही करून घर कधीतरी विकलं गेलं, आणि आज तिथे पाहुण्यांसाठी पोहण्याचा निळा तलाव आहे. आई असेपर्यंत दर मृगात डिचोलीहून जाऊन पेरून यायची. ती गेल्यावर मी माणूस धरून पेरून घेत आले. गेल्या वर्षी त्याने कळवलं की कुणग्यात मातीचा भराव पडला, आता जागा नाही.

भरावाआधीच्या शेवटच्या पिकाची मुडी सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहे, गॅसच्या वर, खिळ्याला टांगलेली. तिथे धूर नसतो. मृग या वर्षीचाही संपत आला. कामांच्या यादीत मी लिहिलं होतं: खाजणात कुणगा शोधणे; हळर्णच्या भाच्याला फोन करणे; त्याआधी मूठभर बी काढून ओल्या फडक्यात बांधून पाहणे. पहिली दोन खोडून झाली. भाचा म्हणाला, जागा आहे, बी घेऊन ये. फडकं भिजवून ओट्यावर ठेवलं, त्यालाही तीन दिवस झाले. ते सुकलं, पुन्हा भिजवलं. मुडीची दोरी अजून सोडलेली नाही.